देशाचे गाणे आणि परक्यांचा कौल

आंतरशालेय गायनस्पर्धेचा दिवस जवळ आला म्हणजे शाळेत एक निराळीच लगबग सुरू होते. कोणते गीत निवडावे, पेटीस कोण बसावे, तबल्यास कोण, ह्यांविषयी वर्गावर्गांतून वाद रंगतात. नागपुरातील इतर शाळांपुढे आपली मुले गावयास उभी राहिली म्हणजे ती केवळ स्वतःकरिता गात नाहीत. सबंध शाळाच त्यांच्या मुखाने गात असते. हीच गोष्ट शाळेऐवजी देशाविषयी असेल तर? दोनतीन मिनिटांचे एखादे लोकप्रिय वळणाचे गीत सबंध राष्ट्राच्या वतीने परदेशी मंचावर गावयाचे असेल, तर त्याची पारख कोणत्या कसोटीवर करावी? ह्या प्रश्नाचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

राष्ट्राराष्ट्रांमधील गीतस्पर्धांत सर्वांत ख्यातनाम म्हणजे युरोपातील ‘युरोव्हिजन’ ही होय. दुसरे महायुद्ध संपून सुमारे अकरा वर्षे झाली असता, २४ मे १९५६ रोजी, स्वित्झर्लंडमधील लुगानो नगरात ती प्रथम भरली. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते पाठविली होती व विजयाचा मान यजमान स्वित्झर्लंडच्या लिस असिया ह्या गायिकेस मिळाला. त्या पहिल्या वर्षी परीक्षकांना आपल्याच देशाच्या गीतासही मत देण्याची मोकळीक होती. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५७ साली, ती काढून घेण्यात आली आणि तेव्हापासून कोणत्याही देशास स्वतःच्या गीताला एकही गुण देता येत नाही. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही वृत्ती केवळ आपल्याच देशात आढळते असे नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

हा नियम दिसावयास लहान, परंतु त्याचा अर्थ मोठा आहे. ज्यास आपली भाषा येत नाही, आपला इतिहास ठाऊक नाही व आपल्याविषयी ममत्व बाळगण्याचे ज्यास काहीच कारण नाही, अशा श्रोत्याचे मन जिंकल्यावाचून तेथे यश नाही. तेव्हा आपल्या देशाची गीतात केलेली स्तुती त्या ठिकाणी कवडीच्या उपयोगाची नाही. मग परक्यांना रुचेल असेच, त्यांच्याच भाषेत व त्यांच्याच धर्तीवर गावे काय? पोर्तुगालचे उदाहरण ह्या बाबतीत बोधप्रद आहे. तो देश १९६४ सालापासून स्पर्धेत उतरत आला होता. परंतु पन्नासांहून अधिक वर्षे त्यास एकदाही पहिला क्रमांक लाभला नव्हता. १९९९ पासून कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा झाल्यावर अनेक देश इंग्रजीकडे वळले. असे असता २०१७ साली कीव्ह येथे साल्वादोर सोब्राल ह्या तरुणाने आपल्या बहिणीने रचलेले एक संथ, साधे गीत शुद्ध पोर्तुगीज भाषेत गायिले आणि त्यानेच पोर्तुगालास पहिला विजय मिळवून दिला. शब्द न कळणाऱ्यांनीच त्यास भरभरून गुण दिले!

युरोव्हिजनच्या मंचावर भारताचे गीत कधी उभे राहिलेले नाही. तथापि तशाच धर्तीच्या दुसऱ्या एका स्पर्धेत ते उभे राहिले आहे, आणि तो मान आपल्या शेजारच्या गोव्यास मिळाला, हे पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. १९८६ साली त्या वेळच्या पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन नगरात आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सव भरला होता. फेब्रुवारी १९४५ मधील हवाई हल्ल्यांत जे भाजून निघाले होते, तेच हे नगर. तेथे भारताच्या वतीने रेमो फर्नांडिस हे गावयास गेले व तीन पारितोषिके मिळवून परतले.

हे रेमो कोण? बार्देश तालुक्यातील शिवोली ह्या गावी एका ख्रिस्ती घराण्यात १९५३ साली त्यांचा जन्म झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मुंबईस त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, परंतु ओढा गाण्याचा. १९८४ साली त्यांनी ‘गोवन क्रेझी’ हा गीतसंग्रह काढला. गीते स्वतः रचली, वाद्ये स्वतः वाजविली, सारे आवाज स्वतःच दिले, आणि हे सर्व शिवोलीच्या घरी एका लहानशा यंत्रावर मुद्रित केले. मग त्या कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी नेऊन पोहोचविल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी ते ड्रेस्डेनला उभे होते. ज्याच्या जन्मसमयी त्याच्या गावावर आपले निशाण नव्हते, आणि ज्याच्या गोव्यास स्वतंत्र राज्याचा दर्जाही ३० मे १९८७ पर्यंत मिळावयाचा होता, त्याच्याच कंठाने भारत तेथे गायिला! २००७ साली भारत सरकारने त्यांस ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

येथे कोणी वडीलधारे गृहस्थ आक्षेप घेतील की, गिटारीवरचे हे पाश्चात्य वळणाचे गाणे; ह्यास भारताचे प्रतिनिधी कसे म्हणावे? आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे. आपल्या देवघरातील भजनास साथ देणारी पेटी मूळची कोठली? तीही युरोपातूनच आली. १९४० साली नभोवाणीवर पेटीस बंदी घालण्यात आली व ती सुमारे तीस वर्षे टिकली. परंतु त्यामुळे एकाही खेड्यातले भजन थांबले नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताच्या बोटांखाली ती अस्सल मराठी झाली होती. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुले व्हायोलिन शिकली व मोठेपणी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा आधार बनली. अँथनी गोन्साल्विस ह्या गोमंतकीयाने व्हायोलिनचे धडे दिलेले शिष्य म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीतील प्यारेलाल होत. तात्पर्य, वाद्य कोठून आले ह्यापेक्षा ते कोणाच्या अंगणात मुरले हे पाहावयाचे असते.

आता आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे वळू. १९५५ साली जपानात विश्वधर्म व विश्वशांती परिषद भरली होती. ती काही स्पर्धा नव्हती. परंतु परक्यांपुढे गावयाचे हा प्रसंग तोच. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले ते आपली खंजिरी घेऊनच. मोझरीच्या आश्रमात जी वाजे, तीच तेथेही वाजली. ज्यांचे नाव आज आपल्या नागपूर विद्यापीठास आहे, त्यांनी परदेशाकरिता निराळे वाद्य शोधिले नाही.

शिवोलीची गिटार व मोझरीची खंजिरी ह्यांत वरकरणी काहीच साम्य नाही. परंतु दोन्ही घरच्या होत्या, दोन्ही वर्षानुवर्षे हाताळलेल्या होत्या, आणि त्यांचा धनी दुसऱ्या कोणाची नक्कल करीत नव्हता. देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या गीताचे लक्षण आमच्या मते हेच. त्यात देशाचे नाव असो वा नसो, ते कोठल्या तरी एका खऱ्या गावातून आलेले असावे लागते. सबंध भारताचे असे एक गाव नाही; म्हणून शिवोलीचा मुलगा भारताचा प्रतिनिधी होऊ शकतो, आणि कामठीचा किंवा काटोलचाही होऊ शकेल.

ह्याकरिता पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरातील मुलगा किंवा मुलगी एखादे वाद्य घेऊन बसली, तर ते कोणत्या देशातले हे विचारण्याआधी ती रोज किती वेळ बसते हे विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, येत्या स्पर्धेकरिता गीत निवडाल तेव्हा आपल्याच सभागृहातील टाळ्यांवर विसंबू नका. त्या टाळ्या मायेच्या असतात, आणि माया गुण मोजीत नाही. आपल्या शाळेशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही असा एखादा श्रोता गाठा, त्यास ते ऐकवा, आणि तो काय म्हणतो ते शांतपणे ऐकून घ्या.