चेहऱ्यावरील मस आणि पुटकुळ्या : घरगुती उपाय व वैद्यकीय उपचार

जयपूरच्या जुन्या वाड्यांतील भिंतींवरून हात फिरवला, तर त्या संगमरवरासारख्या गुळगुळीत लागतात. 'आराइश' नावाच्या घोटीव गिलाव्याची ही किमया होय आणि त्याचे मुख्य द्रव्य म्हणजे चुना. हाच चुना पानाला लागतो, आणि हाच चुना धुण्याच्या सोड्यात कालवून लोक चेहऱ्यावरील मसावरही लावतात. राजस्थानात मसाला 'मस्सा' म्हणतात. आखातीजेचे लग्नमुहूर्त जवळ आले की उपवर मुलीच्या गालावरचा एखादा दाणा घरच्यांच्या डोळ्यांत खुपू लागतो, आणि शेजारची वडीलधारी बाई हमखास उपाय सांगते. तो उपाय कधी लागू पडतो, कधी जन्माचा व्रण ठेवून जातो. असे का व्हावे?

पहिले कारण असे की, चेहऱ्यावरील प्रत्येक उंचवटा एकाच जातीचा नसतो. डोळ्यांखाली किंवा गालावर मोहरीहून लहान, पांढरे, टणक कण दिसतात, त्यांना मिलिया म्हणतात. त्वचेचे केरॅटिन हे द्रव्य पृष्ठभागाखाली अडकून ते बनतात. चामखीळ विषाणूमुळे उठते. मध्यभागी खळगी असलेले, मोत्यासारखे दाणे मुलांच्या तोंडावर येतात. तेही विषाणूजन्य असून, टॉवेलातून वा खाजवण्यातून पसरतात. पापण्यांच्या नाकाकडील कोपऱ्यात पिवळट चकत्या येतात, त्या त्वचेत साठलेल्या चरबीच्या असतात. ज्यांना त्या येतात त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल किंवा अन्य स्निग्ध द्रव्ये वाढलेली आढळतात. अशा चकतीवर चुना लावणारा मनुष्य घरात शिरलेल्या धुराला झाडूने हाकलतो. जाळ कोठे आहे हे पाहात नाही.

आता त्या मिश्रणाकडे वळू. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन खडूसारखा साका खाली बसतो व पाण्यात दाहक सोडा उरतो. साबण करणाऱ्यांचा कॉस्टिक सोडा तो हाच. आम्ल कातडीला लागले असता पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि त्याची वाट काहीशी अडते. क्षाराचे तसे नाही. तो चरबीचा साबण करतो, प्रथिने विरघळवतो आणि आत उतरत जातो. आरंभी वेदना कमी असल्याने लावणारा निर्धास्त राहतो. लसणाची पाकळी बांधून ठेवल्याने फोड आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, आणि बिब्ब्याचे तेल अंगावर उतले म्हणजे काय होते हे आपल्याकडे निराळे सांगावयास नको. त्यामानाने मुलतानी माती निरुपद्रवी. ती कातडीवरील तेल शोषते, पण मिलियाचा कण कातडीखाली बंदिस्त असल्यामुळे त्याला तिचा स्पर्शही होत नाही.

क्षाराने मस जाळण्याची कल्पना अडाणी मात्र नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार सिद्ध करण्याचा विधी एका स्वतंत्र अध्यायात दिला आहे. वनस्पतींची राख आणि भाजलेली चुनखडी यांपासून तो करावयाचा. म्हणजे रसायन त्याच कुळातले. चर्मकील, मशक, तिलकालक हे क्षारसाध्य विकार त्यात गणलेले आहेत. परंतु सौम्य, मध्यम व तीक्ष्ण असे क्षाराचे भेद, शंभर मात्रा उच्चारण्याएवढा अवधी, नंतर आंबट द्रवाने त्याचे शमन, आणि जेथे मांस थोडे आहे तेथे, तसेच पापणीचे विकार वगळता डोळ्यांवर, क्षार लावण्यास मनाई हे सारे तेथेच सांगितले आहे. लोकांनी द्रव्य ठेवले आणि नियम विसरले. जयपुरात १९४७ साली सुरू झालेले सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्थाही आहे. दोन्ही ठिकाणच्या शास्त्रांत मतभेद पुष्कळ. पण आधी निदान, मग उपचार, याविषयी दुमत नाही.

मग घरगुती उपायाने मस गेल्याचे जे सांगतात, ते खोटेच का? बहुधा नाही. मुलांच्या चामखिळींपैकी सुमारे दोन-तृतीयांश दोन वर्षांत आपोआप नाहीशा होतात. खळगीचे दाणे बहुधा वर्ष-दीड वर्षात जातात, आणि तान्ह्या मुलांचे मिलिया काही आठवड्यांत. घोड्याचा केस बांधला आणि पुढे चामखीळ गळाली, तर श्रेय केसाला मिळते. न बांधता गळालेल्यांची कथा कोणी सांगत नाही.

वैद्यकीय उपचार पुष्कळदा अगदी साधा असतो. मिलियाचा कण निर्जंतुक सुईच्या टोकाने छेद देऊन काढतात. चामखीळ विजेच्या उष्णतेने जाळतात किंवा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनने गोठवतात. येथेही उतावीळपणा नको. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी इतर पेशींहून कमी थंडीतच मरतात. त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर गोठवण्याचा पांढरा डाग राहू शकतो. चांगला त्वचारोगतज्ज्ञ म्हणूनच अनेकदा 'काही करू नका' असे सांगतो. रोग्यास ते रुचत नाही, पण तोही उपचारच आहे.

एका गाठीच्या बाबतीत मात्र थांबू नये. मोत्यासारख्या चकाकीची, न दुखणारी, हळूहळू वाढणारी व अधूनमधून रक्त येऊन पुन्हा खपली धरणारी गाठ त्वचेच्या कर्करोगाची असू शकते. भारतीयांत तो गोऱ्या लोकांच्या मानाने विरळा, पण होतो. चुन्याने तिचे वरचे तोंड जळते आणि मुळे आत वाढत राहतात. तीळ आकाराने वा रंगाने बदलू लागला, तरीही त्यास हात न लावता डॉक्टरांना दाखवावा.

चुना किंवा सोडा चेहऱ्यावर लागून आग होऊ लागलीच, तर कोरडी भुकटी प्रथम झटकून टाकावी आणि तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली निदान २० मिनिटे धरावा. घरी लिंबू पिळू नये. दुखावलेल्या कातडीला त्याचा आणखी त्रास होतो. थेंब डोळ्यात गेला असेल, तर पापण्या उघड्या धरून पाणी सोडीत राहावे, आणि पुरेसे धुऊन झाल्यावर विलंब न लावता नेत्ररुग्णालय गाठावे.