पेपर छापण्याआधी

आमच्या औंधला पंडित सातवळेकर 1948 साली पारडीला जाईपर्यंत 'स्वाध्याय मंडळा'चे ग्रंथ गावातच छापून घेत. पुस्तकावर पत्ता औंधचा. शंका आली तर विचारायचं कुणाला, हे वाचकाला ठाऊक.

आपल्या कॉम्प्युटरच्या पेपरांचं तसं नाही. लेखक फुकट लिहितो, दुसरा प्राध्यापक फुकट तपासतो आणि वाचायचे पैसे बहुतेक वेळा कॉलेज भरतं. काही जर्नल्स तर छापायचेही पैसे घेतात, तपासत मात्र काहीच नाहीत.

2005 साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी 'सायजेन' हा प्रोग्रॅम लिहिला. आलेख आणि संदर्भांसकट निरर्थक पेपर तो क्षणात तयार करतो. त्यातला एक पेपर एका परिषदेने स्वीकारलासुद्धा! 2014 मध्ये आयईईई आणि स्प्रिंगर यांना मिळून असे 120 हून अधिक पेपर काढून टाकावे लागले. म्हणजे मोठ्या संस्थेचा शिक्काही पुरेसा नाही.

आमच्या ग्रुपनेही प्रोजेक्टचा पेपर एका जर्नलला पाठवला होता. दोन दिवसांत 'स्वीकारला, पैसे भरा' असं उत्तर! वर्गणी काढून भरले. नंतर पाहतो तर एका आलेखाचे अक्ष उलटे. कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

यूजीसीची 'केअर' यादी 2025 मध्ये बंद झाली. आता पारख आपणच करायची. संपादकांना स्वतः पत्र लिहा, जुने अंक वाचा, तपासणाऱ्यांचे शेरे लेखी मागा. शेरेच आले नाहीत, तर समजा: पेपर छापला गेला, वाचला कुणीच नाही.