हिपॅटायटिस सी : अहवालाचा अर्थ आणि उपचाराचा कालावधी

सरत्या वर्षी एक गृहस्थ पत्नीचा तपासणी अहवाल घेऊन आमच्या कार्यालयात आले. हिपॅटायटिस सीचे औषध पूर्ण होऊन वर्ष लोटले होते. तरी अन्यत्र केलेल्या चाचणीवर पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा होता. औषध वाया गेले काय, असे ते विचारीत होते. औषध वाया गेले नव्हते. चाचणी अनाठायी झाली होती.

पहिली चाचणी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, शोधते. विषाणू केव्हातरी शरीरात शिरला होता, एवढेच तिच्यावरून कळते. बाधितांपैकी सुमारे ३० टक्के लोकांचा विषाणू सहा महिन्यांत उपचाराविनाच नाहीसा होतो; प्रतिपिंडे मात्र बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर राहतात. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या भाषेत, कर्ज फिटले तरी खतावणीतील जुनी नोंद पुसली जात नाही. आजची बाकी सांगते ती आरएनए चाचणी. तिच्यातील लाखांचा आकडा पाहून कुटुंबीय धास्तावतात. परंतु त्यावरून यकृताची हानी मोजता येत नाही.

उपचार किती काळ चालणार हे मुख्यतः यकृताच्या स्थितीवरून ठरते. इंटरफेरॉनच्या काळी २४ ते ४८ आठवडे इंजेक्शने सोसावी लागत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. सिरॉसिस नसल्यास सोफोसबुव्हिर व डॅक्लाटासव्हिर १२ आठवडे घ्यावयाची असतात. सिरॉसिस असल्यास डॅक्लाटासव्हिरऐवजी वेलपाटासव्हिर देतात. यकृताचे कार्य ढासळले असेल तर सोबत रिबाव्हिरिन देतात, आणि ते सोसत नसेल तर कालावधी २४ आठवड्यांचा होतो.

बरे वाटू लागताच गोळ्या थांबविणारे रुग्ण आम्हांस अधिक चिंतेत टाकतात. मध्येच अहवाल ‘नॉट डिटेक्टेड’ आला तरी औषध पुरे करावे लागते. रोग बरा झाला की नाही, हे औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेली आरएनए चाचणी ठरविते. बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र प्रतिपिंडे संरक्षण देत नाहीत, संसर्ग पुन्हा होऊ शकतो. आणि सिरॉसिस असलेल्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावयाची असते.

त्या भगिनींची आरएनए चाचणी आम्ही गरीब रुग्ण निधीतून करविली. अहवाल ‘नॉट डिटेक्टेड’ आला. आता प्रत्येक अँटिबॉडी अहवालासोबत हा खुलासा मराठीत छापून देण्याची व्यवस्था आम्ही केली आहे.