डिकीतले पाणी येते कोठून?

मागचे दार वर उघडणाऱ्या मोटारीत, मुसळधार पावसानंतर स्टेपनीखालच्या खळग्यात कधी कधी पाणी साचलेले आढळते. ते तसेच राहिले, तर पत्रा गंजून भोक पडते. बहुतेक जण लगेच दाराची रबरी पट्टी बदलतात. पाणी मात्र येतच राहते!

असे का? भरलेले फुलपात्र हळूच कलते करून पाहा. पाणी सरळ न पडता भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून ओघळते. पाण्याचे रेणू व भांड्याचा पृष्ठभाग यांत आकर्षण असते. त्यास आसंजन म्हणतात. तसेच, मागच्या दिव्याच्या फटीतून किंवा छताच्या सांध्यातून शिरलेले पाणी पत्र्याला धरून दूरच्या खळग्यात उतरते.

म्हणून आतले आच्छादन काढून पत्रा कोरडा करावा व त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. एकाने विजेरी घेऊन आत बसावे. दुसऱ्याने नळीची मंद धार आधी खाली, मग दिव्यांवर, शेवटी छतावर सोडावी. वरून सुरुवात केल्यास सगळेच भिजते आणि काही उमगत नाही. पावडरीत ओघळ उमटला, की त्याचे वरचे टोक शोधावे.

पट्टीचीच शंका असेल, तर तिच्यावर खडू घासून दार लावा. चौकटीवर खडूची रेघ जेथे तुटेल, तेथे पट्टी दबत नाही.

सांधा बुजवायचा तो बाहेरून. आतून बुजवल्यास पाणी त्यातच अडकून गंज चढतो. दाराच्या खालच्या कडेची बारीक छिद्रे मात्र बुजवू नका. दारात शिरलेले पाणी तेथूनच बाहेर पडते.