अंगण वाकडे की पाऊल?

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• कम्पाउंड धनुष्याची रचना थोडक्यात सांगू शकाल;
• नेम चुकण्याचे प्रकार ओळखून त्यांची कारणे शोधू शकाल;
• दोष शोधण्याची ही रीत इतर कामांतही वापरू शकाल.

मूळ पाठ

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. स्वतःचे उणे झाकण्यासाठी साधनाला बोल लावणाऱ्याची ती थट्टा करते. परंतु एखादे अंगण खरोखरच वाकडे असू शकते. मग दोष अंगणाचा की पावलाचा, हे कसे ठरवावे? नवे कम्पाउंड धनुष्य हाती घेणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. काल मध्यभागी एकवटलेले बाण आज चहूकडे विखुरतात. अशा वेळी कोणी खचून सराव सोडतो, तर कोणी पदरमोड करून आणखी महागडे साहित्य आणतो. कारण न शोधता केलेल्या या दोन्ही गोष्टी नुकसानीच्याच ठरतात.

प्रथम या धनुष्याची रचना पाहू या. अमेरिकेतील हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ मध्ये त्यांना ते मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम नावाची विशिष्ट आकाराची चाके असतात. प्रत्यंचा ओढताना भार आधी झपाट्याने वाढतो. पूर्ण ओढल्यावर मात्र तो बराच उतरतो. त्यामुळे धनुर्धराला शांतपणे नेम धरता येतो. भार हलका झाला, तरी चुकीला क्षमा नसते. स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर. डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असलेला नेमदर्शक पाऊण मिलिमीटर जरी सरकला, तरी मध्यावर जाणारा बाण त्या वर्तुळाच्या कडेला जातो.

आता तपासाकडे वळू. वारा नसताना, जवळच्या अंतरावरून, बाणांवर क्रमांक घालून काही फेऱ्या मारा आणि प्रत्येक बाण कोठे लागला ते वहीत टिपा. सर्व बाण एकत्र, पण मध्यापासून दूर लागत असतील, तर चिंता नको. नेमदर्शक सरकवला की काम भागते. बाण डावीकडे जात असतील तर तो डावीकडे, खाली जात असतील तर खाली न्यावा. एकाच क्रमांकाचा बाण वारंवार भरकटत असेल, तर त्याची पिसे, खाच व दांडा तपासा. तडा गेलेला बाण पुन्हा कधीही वापरू नका. सगळेच बाण विखुरत असतील, तर मात्र खोलात शिरले पाहिजे.

अशा वेळी साहित्यापासून आरंभ करावा, कारण ते लवकर तपासून होते. हादऱ्यांमुळे नेमदर्शकाचे किंवा बाण टेकवण्याच्या आधाराचे स्क्रू सैल होतात. पिसे आधाराला घासत असतील, तर बाण वाकडा निघतो. आधारावर थोडी पावडर लावून बाण मारल्यास घासल्याची खूण दिसते. बाणाचा दांडा धनुष्याच्या भाराच्या मानाने फार लवचीक किंवा फार ताठ असला, तरीही बाण भरकटतात. नव्या धनुष्याची प्रत्यंचा व दोऱ्या सुरुवातीच्या दिवसांत किंचित ताणल्या जाऊ शकतात. मग दोन्ही कॅम एका वेळी फिरत नाहीत आणि प्रत्यंचेतले पाहण्याचे छिद्रही तिरपे होते. म्हणून पहिल्याच दिवशी कॅमवर दोरीच्या जागेची बारीक खूण करून ठेवावी. खूण सरकलेली दिसली, तर दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. ताणलेले धनुष्य स्वतः उघडणे धोक्याचे आहे. बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडणे, हेही तितकेच घातक.

साहित्य निर्दोष ठरले, की स्वतःकडे पाहावे. मूठ घट्ट आवळल्याने धनुष्य पिळले जाते का? ओढलेला हात दर वेळी जबड्याच्या त्याच जागी टेकतो का? मध्यबिंदू दिसताच बोट घाईने कळ दाबते का? धनुष्याची ओढ तुमच्या बाहूंच्या मानाने जास्त लांब तर नाही ना? हे प्रश्न प्रशिक्षकाला किंवा सोबत्याला निरीक्षण करून टिपायला सांगावेत, कारण स्वतःची सवय स्वतःला सहसा दिसत नाही.

या साऱ्यात एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेम सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कळत नाही. बिघडला, तर परतीची वाटही सापडत नाही.

अशा अचूकतेचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कम्पाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. म्हणजे पंधराच्या पंधरा बाण त्या लहानशा वर्तुळात! दोघांनीही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कम्पाउंड प्रकाराच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश करण्यात आला आहे.

शिवणयंत्र असो, शेतातला पंप असो वा धनुष्य. बिघाड झाला की आपण चटकन कोणाला तरी दोष देऊन मोकळे होतो. अंगण मोजून पाहावे, पाऊलही तपासावे आणि जे आढळेल ते मान्य करावे. नोंदवहीतले चार आकडे हे काम रागापेक्षा चांगले करतात.

स्वाध्याय

१. बाण एकत्र पण मध्यापासून दूर लागणे आणि बाण विखुरणे, यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम का पाळावा?
३. तुमच्या कामातील एखाद्या साधनाचा बिघाड कसा शोधाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.