कोटिंगची घाई नको

चि. सुहास,

पेट्रोलच्या टाकीचे फोटो मिळाले. गिऱ्हाईक ‘आतून कोटिंग मारून द्या’ म्हणतंय आणि तूही सामान मागवायच्या बेतात आहेस. जरा थांब. कोटिंग ही या कामातली सगळ्यात शेवटची गोष्ट, आणि पुष्कळदा ती करावीही लागत नाही.

आधी गाडीची कुंडली मांड. यझदी रोडकिंग, म्हणजे कितीही नवी म्हटली तरी म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला त्याआधीची. त्यात ती चिपळूणच्या २०२१ च्या जुलैतल्या पुरात बुडालेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आत गेलंच असणार. नंतर इंजिन खोललं, वायरिंग बदललं, टाकीत मात्र कुणी डोकावलं नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते पेट्रोल कॉकच्या आजूबाजूच्या खोलगट जागेत जाऊन बसतं. म्हणून टाकी वरून ठणठणीत दिसते आणि भोकं पडतात ती खालच्या जोडाला. ‘मेनवर बरी चालते, रिझर्व्हला टाकली की गचके देते,’ ही गिऱ्हाइकाची तक्रार कार्बोरेटरची नाही. मेनची नळी उंच असते, रिझर्व्हचं तोंड तळाशी. तळातला गाळ तेच ओढणार. भरीला आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करणं म्हणजे गंजाला आवतण देणंच.

कॉक काढलास की त्याची चाळणी लगेच धुऊ नकोस. उजेडात धर, बोटावर चोळून बघ. तांबडी भुकटी पिठासारखी लागली तर गंज बहुधा वरवरचा आहे. कडक, काळपट खपल्या हाताला लागल्या तर पत्रा आतून खाल्ला गेलाय असं धरून चाल. मग पेट्रोल पूर्ण काढ, छोट्या एलईडी बॅटरीने आत बघ (वायरला लोंबणारा बल्ब आत सोडू नकोस!) आणि बाहेरून तळाचा जोड बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबत जा. जिथे पत्रा दबतो तिथे खडूची खूण कर.

आता साफसफाई. इथेच बहुतेक जण घाई करतात. यझदीत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, त्यामुळे इतक्या वर्षांत गंजावर तेलाचा चिकट थर बसलेला असतो. त्या थरावर कुठलंही अ‍ॅसिड ओत, ते वरूनच वाहून जाईल. आधी गरम पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण. आतलं पाणी थेंब न धरता पत्र्यावर सपाट पसरायला लागेपर्यंत धूत राहा. खपल्या सोडवायला बारीक साखळी घाल, एक टोक बाहेर तारेला बांधून. सुटे नट-बोल्ट घालू नकोस, कोपऱ्यात अडकलेला नट निघता निघत नाही.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड पुष्कळ मेस्त्री वापरतात. काम झटपट होतं हे खरं. पण ते गंज खाऊन झाला की पत्र्याला लागतं, आणि आधीच पातळ झालेल्या टाकीला ते परवडत नाही. तू लिंबाचं फूल वापर. लिटरला पन्नास ग्रॅम, गरम पाण्यात, टाकी काठोकाठ भरून, रात्रभर. अर्धी भरलीस तर वरचा गंज तसाच राहील. तोंडाभोवती ग्रीस लाव, नाहीतर रंग जाईल. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, तेव्हा टाकी अंगणात ठेव, झाकण लावू नकोस आणि जवळ कुणाला बिडी ओढू देऊ नकोस.

सकाळी पाणी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धू, मग साध्या पाण्याने. यापुढे चहाला जायचं नाही. उघडा पत्रा तुमच्याकडच्या दमट हवेत बघता बघता पुन्हा तांबूस होतो. कॉम्प्रेसरची हवा मारण्याआधी त्याच्या टाकीतलं पाणी काढून टाक, नाहीतर वाळवायच्या नावाखाली पाणीच फवारशील. मग केस वाळवायचा ड्रायर, पेट्रोलचा वास पूर्ण गेला असेल तरच.

आता बघ. पत्रा करडा, घट्ट आणि बिनभोकाचा निघाला तर पेट्रोलमध्ये थोडं जास्त टू-टी तेल घालून टाकी आतून सगळीकडे भिजव, ते ओतून काढ आणि टाकी बसव. कोटिंग नको. गिऱ्हाइकाला टाकी भरलेली ठेवायला सांग, गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढायला सांग. भोकं बारीक असतील किंवा पत्र्याला खड्डे पडले असतील तरच दोन भागांचं एपॉक्सी घे, आणि ते इथेनॉलला टिकतं असं डब्यावर छापलेलं असलं पाहिजे. कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला जुना बोल्ट बसव. ओतल्यावर टाकी सगळ्या अंगांवर सावकाश फिरवत राहा आणि जास्तीचं पुरतं निथळू दे. तळाशी डबकं राहिलं तर ते आतून कच्चं राहतं आणि कॉकचं तोंड बुजवतं. डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस पेट्रोल भरायचं नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग पुढे पापुद्र्यांनी सुटतं आणि ते खरवडणं गंज काढण्यापेक्षा जास्त छळतं.

मजुरी आधी ठरव. साहित्य स्वस्त आहे, वेळ तुझा जातो. टाकी उघडल्यावर तळ गेलेला निघाला तर दुसरी टाकी शोधावी लागेल, हेही आजच सांगून टाक.

खूण केलेल्या जागी पत्रा फारच दबत असेल तर गॅस वेल्डिंगचा विचार तुझ्या मनात येईल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असलं तरी ठिणगीने स्फोट होतो. धुतलेल्या टाकीच्या जोडातूनही ती पुन्हा निघते. ज्याने हे काम आधी केलंय, जो भोकाच्या जरा खालपर्यंत टाकीत पाणी भरून मगच ज्योत लावतो, अशाच माणसाकडे टाकी द्यायची. तसा कुणी तिकडे नसेल तर टाकी हलवू नकोस, आधी मला फोन कर.

तुझा,
कदम सर