वरचा पदर आधी पाहा

सॅनिटरी पॅडची खरेदी करताना आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पाकिटात नग किती, नगाला दर किती आणि पॅड शोषते किती. तासन् तास कातडीला लागून राहणारा वरचा पदर कसा आहे, हा चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या बचतगटांना, आश्रमशाळांना, ग्रामपंचायतींना आणि आशाताईंना माझे सांगणे आहे की हा चौथा प्रश्न सर्वांत आधी विचारा. इथली बाई पाळीच्या दिवसांतही मोहफुले वेचायला जाते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते, पावसात बांधीत वाकून रोवणी करते. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात अंगावरचे कापड दिवसभर कोरडे राहत नाही. रानात, शेतात पॅड बदलायला आडोसा नसतो, म्हणून एकच पॅड चार-पाच तासांऐवजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहते. अशा दिवशी पॅड गळले नाही एवढ्यावर काम भागत नाही. वरचा पदर ओला राहिला की मांड्या काचतात, पुरळ उठते, खाज सुटते, आणि चालणेच ज्यांचे काम आहे त्यांचा रोजगार बुडतो.

हा पदर मागावर विणलेला नसतो. वितळलेल्या प्लास्टिकमधून, बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनमधून, केसाहून बारीक तंतू ओढतात. ते एकमेकांवर पसरले की कोरीव नक्षीच्या तापलेल्या रुळांखालून काढून ठिकठिकाणी चिकटवतात. याला स्पनबॉन्ड म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत दुहेरी तंतू वापरतात, आतले प्लास्टिक टणक आणि बाहेरचे लवकर वितळणारे. त्यांच्या थरातून गरम हवा सोडली की तंतू जिथे एकमेकांना शिवतात तिथेच जुळतात आणि कापड फुगीर, मऊ राहते. तिसऱ्या पद्धतीत पाण्याच्या जोरदार बारीक धारांनी तंतू एकमेकांत गुंतवतात. कापसाचा वरचा पदर असाच करता येतो. या कापडाचे वजन चौरस मीटरला साधारण १० ते २५ ग्रॅम असते. त्यावर उंचवटे, खळगे आणि छिद्रे काढण्यामागे कारण आहे. उंचवटे असले तर सगळे कापड कातडीला चिकटत नाही, फक्त त्यांचे माथे लागतात. खळग्यांतून आणि छिद्रांतून स्राव लवकर खाली उतरतो, मधल्या थरात पसरतो आणि शेवटी लाकडाच्या लगद्यात व शोषक पावडरीत अडकतो. घर्षण कमी, ओल कमी, हवेला थोडी वाट. उष्ण प्रदेशात कष्ट करणाऱ्या बाईला याची गरज शहरातल्या बाईपेक्षा जास्त आहे.

पण पोत दिसतो म्हणजे तो काम करतोच असे नाही, आणि सावध राहायचे ते इथेच. पातळ कापडावर दाबून काढलेली फुले आणि नागमोडी रेषा पुष्कळदा नुसती शोभेची असतात. बसल्यावर, उकिडवे काम करताना अंगाचा भार पडला की ते उंचवटे सपाट होतात आणि पुन्हा वर येत नाहीत. चिकटवण्याचे ठिपके जास्त तापवून दाबले तर ते टणक होतात आणि चालताना जांघेत टोचतात. छिद्रे पाडलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वरून कोरडा वाटतो, पण उन्हाळ्यात घाम त्याच्याखाली साचतो आणि तो कातडीला चिकटतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पॉलिप्रोपिलीन मुळात पाणी धरत नाही. स्राव खाली उतरावा म्हणून त्याच्या तंतूंवर पाण्याशी सलगी करणारे रसायन चढवलेले असते. ते हलके असेल तर पहिल्या ओलीबरोबर धुऊन जाते. मग पहिल्या तासाला उत्तम वाटलेले पॅड दुपारी कडेने गळू लागते, आणि आतला शोषक थर मात्र निम्मा कोराच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, आमच्या गावात कोणी तक्रारच करत नाही. गडचिरोलीलाच या आक्षेपाचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, पण तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक ना एक विकार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास पॅडविषयी नव्हता आणि त्या आजारांचा दोष कोणत्याही कापडावर टाकायला तो आधार देत नाही. तो सांगतो ते एवढेच की या भागात बाईचे गप्प बसणे म्हणजे तिचे बरे असणे नव्हे. जिथे पाळीचा विषयच बोलायचा नसतो, जिथे काही माडिया गावांत त्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहावे लागते, तिथे काचल्याची तक्रार आपणहून पुढे येणार नाही. ती विचारावी लागते, आणि तीही बाईनेच बाईला, एकांतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काहीच नसण्यापेक्षा स्वस्त पॅड बरे, गरिबाने पोत कशाला पाहायचा? स्वस्ताईचे मोल मी कमी लेखत नाही. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत देऊ केले. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. जनऔषधी केंद्रांतले ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट २०१९ पासून १ रुपयाला मिळू लागले. ही मोठी पावले होती. पण पॅड हातात पडणे आणि ते वापरले जाणे यांत अंतर असते. काचणारे पॅड मुलगी एकदा वापरते आणि पुन्हा जुन्या कापडाकडे वळते. मग अनुदानाचा पैसा आणि तिचा विश्वास, दोन्ही वाया जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ साधन वापरणाऱ्या तरुणींची टक्केवारी येते. त्या आकड्यात पॅड मोजले जाते, पण ते किती तास अंगावर राहिले आणि त्याने काय केले हे मोजले जात नाही. भारतीय मानक आयएस ५४०५ च्या १९८० च्या आवृत्तीतली मुख्य चाचणी अशी होती की मिनिटाला १५ मिलिलिटर वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडला तर तो खालून किंवा कडेने बाहेर येऊ नये. ही चाचणी हवीच. पण खाली गेलेला द्रव दाबाखाली परत वर किती येतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि बाईच्या कातडीला त्याच प्रश्नाशी काम पडते.

तो प्रश्न गावातही तपासता येतो. कपभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा रंग घाला. नुसत्या पाण्यावर चाचणी करू नका, कारण शोषक पावडर साधे पाणी भरपूर पिते आणि खारट द्रव त्या मानाने फारच कमी. पहिला थेंब वरच्या पदरावर टाका. तो क्षणात आत गेला पाहिजे, मण्यासारखा वर तरंगत राहिला तर ते कापड नाकारा. मग दोन चमचे द्रव हळूहळू ओता आणि दहा मिनिटे थांबा. कोरडे पांढरे सुती फडके वर ठेवून त्यावर किलोभर वजन मिनिटभर ठेवा. फडके किती ओले झाले ते बघा. हेच त्याच जागी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा करा. हलके रसायन तिसऱ्या वेळी उघडे पडते. रात्रभर वजनाखाली ठेवलेल्या पॅडचे उंचवटे सकाळी परत वर येतात का, ते बोटाने चाचपून बघा. ओल्या बोटाने चोळल्यावर तंतू सुटतात का आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासल्यावर खरखरते का, तेही बघा. मीठपाणी रक्ताइतके दाट नसते, म्हणून या चाचणीने चांगले पॅड सिद्ध होत नाही, फक्त वाईट पॅड बाद होते. शेवटचा निकाल वापरणाऱ्या बायकांचाच. त्यांना बैठकीत विचारू नका, रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात पूर्ण दिवस वापरल्यावर विचारा.

ज्या गटांनी पॅड बनवण्याचे यंत्र घेतले आहे किंवा घ्यायचे मनात आहे, त्यांना जरा जास्त सांगायला हवे. यंत्र लगदा दाबते, कापते, चिकटवते, पण वरच्या पदराचा रोल बाहेरूनच येतो, आणि मालाची प्रत त्या रोलवर ठरते. बाजारात पिशव्यांसाठी विकले जाणारे स्पनबॉन्ड आणि पॅडसाठीचे स्पनबॉन्ड डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसते. पिशवीच्या कापडावर ते रसायन नसते, म्हणून स्राव त्यावरून घसरून कडेला जातो. प्रत्येक नव्या रोलवर थेंबाची चाचणी केल्याशिवाय तो यंत्रावर चढवू नका. छिद्रांच्या पदराला सुलट आणि उलट बाजू असते. छिद्रे नरसाळ्यासारखी असतात, रुंद तोंड कातडीकडे आणि निमुळते खाली. पदर उलटा लागला तर ओल खाली जाण्याऐवजी वर येते. रोल टिनाच्या छपराखाली तापू देऊ नका, पावसात जमिनीला टेकवू नका. पुरवठादाराकडून कापडाचे वजन, तंतूचा प्रकार आणि रसायन किती वेळा ओले होईपर्यंत टिकते, हे लेखी घ्या. जो हे लिहून देत नाही, त्याचा कमी दर महागात पडतो.

आपल्या जंगलात बांबू आहे, मग प्लास्टिक कशाला, असेही विचारले जाते. हा विचार मला मनापासून जवळचा वाटतो. २०११ मध्ये मेंढा-लेखा गावाने आपल्या बांबूवरचा हक्क मिळवला, आणि वनोपजाचा पैसा गावात राहावा हे त्यामागचे मागणे रास्तच होते. पण बांबूपासून मऊ, शोषक तंतू काढायला बहुधा व्हिस्कोसची प्रक्रिया लागते, आणि तिच्यात कॉस्टिक सोडा आणि विषारी कार्बन डायसल्फाइड वापरतात. हे काम गावातल्या शेडमध्ये करण्याजोगे नाही. शिवाय बांबूचा पदर स्वतःच ओल धरून ठेवतो, त्यामुळे पोत आणि मधला थर नीट नसेल तर तो कातडीला ओलाच लागतो. सुती कापडाचा पर्याय मात्र खरा आहे. धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ हे मानक २०२१ मध्ये आले. पण ते पॅड कडक उन्हात वाळले तरच निरोगी राहते. जिथे दोरीवर ते उघड टाकायला लाज वाटते आणि जिथे आठवडाभर ऊन पडत नाही, तिथे आधी वाळवायच्या जागेची सोय करा, मग पॅड वाटा.

शेवटचा मुद्दा वापरानंतरचा. तोच प्लास्टिकचा पदर मातीत सहजी कुजत नाही, आणि चुलीत अर्धवट जाळला तर घातक धूर सोडतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले पॅड गुंडाळून वेगळे ठेवायला सांगितले आणि त्यासाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. दुर्गम गावात तो कचरा उचलायला कोणी येत नसेल तर हा नियम कागदावरच राहतो. म्हणून पॅडचा ठराव करतानाच ग्रामपंचायतीने ते वापरल्यानंतर कुठे जाणार हेही त्याच ठरावात लिहावे. आश्रमशाळेत न्हाणीघराजवळ झाकणाची पेटी आणि पुरेसे पाणी नसेल तर पॅड शौचालयात किंवा नाल्यात जाणार, आणि त्याचा दोष मुलींवर येणार.

पुढची निविदा काढण्याआधी, पुढचा रोल मागवण्याआधी, पाच प्रकारची पॅड टेबलावर ठेवा आणि गावातल्या पाच कष्टकरी बायकांना बोलवा. खारे पाणी, पांढरे फडके आणि किलोचे वजन एवढेच लागेल. त्या बायका जे नाकारतील ते कितीही स्वस्त असले तरी विकत घेऊ नका.